दाबोळीचा भाटकार कोण, मुंडकार कोण?

वास्कोत वाढलेल्या पोराला घड्याळ लागत नाही, असं आमच्या घरी पाहुण्यांना सांगत. शाळेची प्रार्थना संपून पहिला तास रंगात आला की डोक्यावरून नौदलाचं सी हॅरियर लढाऊ विमान जायचं. फळ्यावर लिहिणारे सर खडू तसाच धरून थांबत आणि काचा थरथरून गप्प झाल्या की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू होई. बदली होऊन नव्याने आलेल्या बँकवाल्यांची मुलं कानांवर हात ठेवायची, आम्ही हसायचो. गावातल्या देवळाच्या घंटेकडे जसं लक्ष जात नाही, तसं आमचं त्या आवाजाकडे जात नसे.

तेच वास्को आणि तीच चिखली गेली काही वर्षं दाबोळीच्या नावाने अस्वस्थ आहेत. ५ जानेवारी २०२३ ला उत्तर गोव्यात पेडण्यातल्या मोपा पठारावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि एक जुनाच प्रश्न नव्याने डोकं वर काढून बसला. दाबोळीचा नागरी विमानतळ राहणार का? राहिला तर कोणाच्या मेहेरबानीवर? टॅक्सीच्या रांगेत, मडगावच्या बाजारात, विधानसभेत आणि लग्नाच्या पंगतीतही हा विषय निघतो आणि बोलणारे दोन ठरावीक वाक्यांपैकी एक फेकतात. पहिलं वाक्य असं: दाबोळी मुळात नागरी विमानतळ, नौदलाने तो बळकावला, त्यांनी आता कारवारला जावं. दुसरं वाक्य: तो देशाच्या संरक्षणाचा तळ आहे, आपली विमानं तिथे पाहुणी आहेत, पाहुण्यांनी जास्त बोलू नये.

मला दोन्ही वाक्यं लबाड वाटतात. आणि या दोघांच्या भांडणात तिसराच कोणीतरी दाबोळी रिकामा करतोय, असं माझं मत आहे. ते मांडण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द आधीच सांगतो, कारण पुढे ते लागणार आहेत. भाटकार म्हणजे जमिनीचा धनी. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्पिढ्या राहणारा माणूस. घर मुंडकाराचं, पायाखालची जमीन भाटकाराची. माझे आजोबा सांकवाळात मुंडकार होते. भाटकाराच्या मनात आलं तर घर उठवावं लागेल, ही भीती त्यांच्या बोलण्याचालण्यात शेवटपर्यंत मुरलेली होती. ती भीती कागदावर संपवायला १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा आला. त्या कायद्याने लगेच जमिनीची मालकी उलटवली नाही. राहणाऱ्याला उठवता येणार नाही, आणि घराखालची जागा त्याला विकत घेता येईल, एवढंच आधी लिहून ठेवलं.

आता दाबोळी.

पोर्तुगिजांना गोव्यात मोठा विमानतळ बांधण्याची घाई झाली ती पर्यटकांसाठी नव्हे. १९५४ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी आवळायला सुरुवात केली होती. पुढच्याच वर्षी, पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या त्या १९५५ साली, कॅसलरॉकवरून मुरगावला येणारी रेल्वेही थांबली. जमिनीवरून वाट बंद, तेव्हा आभाळातून वाट काढायची, हा पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारच्या राजवटीचा हिशोब होता. मुरगाव बंदराच्या डोक्यावरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, सुमारे २४९ एकरांत, १९५५ मध्ये दाबोळीची धावपट्टी तयार झाली. तिला तेव्हाच्या गव्हर्नर जनरलचं, बेनार्द गेदीशचं नाव दिलं. दमण आणि दीवलाही धावपट्ट्या झाल्या. त्याच वर्षी ‘ट्रान्सपोर्तिश आएरियुश द इंदिया पोर्तुगेझा’ ही सरकारी विमानसेवा सुरू झाली आणि तिची विमानं कराचीपर्यंत, पुढे थेट लिस्बनपर्यंत जायला लागली.

या विमानतळावरून प्रवासी ये-जा करत, टपाल जाई, म्हणून त्याला नागरी म्हणायचं तर म्हणा. पण वसाहत टिकवण्यासाठी काढलेला तो श्वासनलिकेचा छेद होता. ‘मूळचा नागरी विमानतळ’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी त्या नागरीपणाची जात जरा तपासावी. जन्माच्या दाखल्यावरून हक्क सांगायचा झाला तर तो दाखला लिस्बनच्या शिक्क्याचा आहे, हे लक्षात ठेवावं लागेल.

१८ डिसेंबर १९६१. ऑपरेशन विजय सुरू झालं त्या सकाळी हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बर विमानं दाबोळीवर आली. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या या पहिल्या हल्ल्यात ६३ हजार पौंडांचे बॉम्ब धावपट्टीवर पडले. मागून ८ विमानांची दुसरी फेरी झाली. हुकूम स्पष्ट होता: धावपट्टी फोडा, टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना हात लावू नका. ज्याला विमानतळ पुढे वापरायचाच नाही, तो असा हुकूम देत नाही. गोव्यात पोर्तुगिजांकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. बाहेरून कुमक येऊ नये, एवढ्यासाठीच ती धावपट्टी निकामी करायची होती.

ती पूर्ण निकामी झालीही नाही. विमानतळावर दोन प्रवासी विमानं उभी होती, त्यातलं एक सुपर कॉन्स्टेलेशन. त्या रात्री अंधारात, खड्ड्यांमधून उरलेल्या तुकड्यावरून ती दोन्ही उडाली आणि कराचीला पोचली. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या हवाई संग्रहालयात आज एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ते पळालेलं विमान नव्हे, एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेलं दुसरं. पण जात तीच. मी तिथे गेलो की त्याच्या पोटाखाली उभा राहून, एवढं धूड त्या रात्री उरल्यासुरल्या धावपट्टीवरून कसं उठलं असेल, याचा विचार करत बसतो. वैमानिकाचं कौतुक शत्रूचा असला तरी करावं लागतं.

त्या दिवसांत गोव्याच्या समुद्रात आयएनएस विक्रांत गस्त घालत होती. मार्च १९६१ मध्येच ती नौदलात दाखल झाली होती. विमानवाहू नौका आली म्हणजे तिच्या विमानांना किनाऱ्यावर घर हवं. ते घर त्याच वर्षी ५ सप्टेंबरला थाटलं होतं, पण कोईमतूरजवळच्या सुलूरला. दाबोळीच्या नौदल तळाला आज आयएनएस हंसा म्हणतात, पण ते नाव दाबोळीचं नाही, ते जन्माने सुलूरचं. सुलूर हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने वापरलेला विमानतळ. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पलीकडे, नौदलाचा हवाई तळ ठेवणं म्हणजे मासळीचा बाजार डोंगरावर भरवण्यासारखं होतं. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाच्या हातात आलं तेव्हा मेजर जनरल कँडेथ गोव्याचे लष्करी गव्हर्नर होते. जून १९६४ मध्ये हंसा सुलूर सोडून दाबोळीला आली. सुलूर पुढे हवाई दलाकडे गेलं आणि आज तिथे हवाई दलाची तेजस विमानं आहेत. त्याच तेजसची नौदलासाठी केलेली आवृत्ती मात्र परीक्षा द्यायला दाबोळीला येते. जुन्या आणि नव्या घराची अशी गाठ पडते.

सुलूरची गोष्ट मी मुद्दाम लांबवली. ‘नौदल एकदा बसलं की हलत नाही’ असं जे म्हणतात, त्यांना हंसाचाच इतिहास उत्तर देतो. नौदल हललं होतं. एक हवाई तळ मोकळा करून दुसऱ्या दलाच्या हाती गेला होता. त्यामुळे ‘कारवारला जा’ ही मागणी अगदीच वेडगळ आहे असं कोणी म्हणू नये. पण १९६४ चं बिऱ्हाड किती होतं? सी हॉक आणि आलिझे विमानांच्या दोन स्क्वॉड्रन आणि त्यांचा पसारा. आजचं बिऱ्हाड मोजून बघा. १९७७ ते २०२३ इल्युशिन-३८ ही टेहळणी विमानं इथे राहिली, १९८३ ते २०१६ सी हॅरियर. आता मिग-२९के लढाऊ विमानं आहेत, मार्च २०२२ पासून पाणबुड्या हुडकणाऱ्या पी-८आय विमानांची दुसरी स्क्वॉड्रनही इथेच आहे. आणि या सगळ्यांपेक्षा जड सामान म्हणजे जमिनीवर बांधलेली नौकेची प्रतिकृती. विमानवाहू नौकेच्या डेकसारखा स्की-जंपचा चढ आणि विमान आकड्याने अडवणाऱ्या तारा, क्रायमियातल्या साकीच्या धर्तीवर. डिसेंबर २०१४ मध्ये तेजसची नौदल आवृत्ती इथूनच पहिल्यांदा स्की-जंपवरून उडाली, १३ सप्टेंबर २०१९ ला इथेच तारांवर थांबली. देशात दुसरीकडे ही सोय नाही. ही काही ट्रंकेत भरून कारवारला नेण्याची वस्तू नव्हे.

आणि कारवार म्हणजे तरी काय? २००५ मध्ये सुरू झालेल्या आयएनएस कदंबा तळासाठी कारवार-अंकोला पट्ट्यातली हजारो कुटुंबं आधीच उठली. त्याच तालुक्यांतून कोकण रेल्वे गेली, जवळच कैगाचा अणुप्रकल्प आला. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत आता अंकोल्याजवळ अलगेरीला नौदलाच्या धावपट्टीसाठी जमीन लागते आहे. पणजीत बसून ‘कारवारला जा’ म्हणताना आपण कोणाच्या अंगणात कोणाला पाठवतोय? तिथले लोक आपल्यासारखंच कोंकणी बोलतात, त्यांच्या घरातही मराठी कीर्तनं होतात. आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून हात झटकायचे, याला गोव्याचा स्वाभिमान म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून पहिलं वाक्य मला पटत नाही. पण दुसरं वाक्य, पाहुण्यांचं, ते तर त्याहून वाईट.

नागरी विमानं दाबोळीत पाहुणी कशी झाली, ते बघा. मुक्तीनंतर काही वर्षं मुंबई-पणजी आगबोट हाच मोठा प्रवास होता. धावपट्टी दुरुस्त होऊन जेट विमानांना पुरेल एवढी लांब झाल्यावर, साठच्या दशकाच्या मध्यावर, इंडियन एअरलाइन्स परत आली. १९८३ मध्ये राष्ट्रकुलाच्या नेत्यांची विश्रांती बैठक आग्वादला झाली, जगाच्या नकाशावर गोवा उठून दिसला. १९८७ मध्ये जर्मनीहून पहिली चार्टर विमानं आली. मग ब्रिटिश, मग रशियन. २०१३ मध्ये नवीन टर्मिनल झालं. २०१८-१९ मध्ये या एका धावपट्टीवरून ८० लाखांहून जास्त प्रवासी गेले-आले. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतलं तर आकड्याचा अर्थ कळेल. हॉटेल, टॅक्सी, हॉटेलाला मासे पुरवणारी बाई, धोबी, सगळ्यांची चूल या धावपट्टीला बांधलेली. आणि तरी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, धावपट्टी नौदलाची, हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाचं. वर्षानुवर्षं कामाच्या दिवशी सकाळचे चारेक तास नागरी विमानांना बंदी, कारण ती वेळ नौदलाच्या सरावाची. ६० वर्षं राहून, घर बांधून, चूल मांडून जो अजून पाहुणा आहे, त्याला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत. मुंडकार म्हणतात.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सकाळची वेळ नौदलाने हट्टाने धरलेली नाही. नौकेवर उतरायला शिकणाऱ्या वैमानिकाला रोज, ठरावीक वेळी, मोकळी धावपट्टी लागते. आणि लढाऊ सराव व प्रवासी वाहतूक एका पट्टीवर चालवणं किती जोखमीचं आहे, ते आम्ही पाहिलंय. १ ऑक्टोबर २००२ ला, इल्युशिन-३८ च्या स्क्वॉड्रनच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली. विमानांतले १२ जण गेले, अवशेष बांधकामावर पडून तिथले काही कामगारही गेले. त्या दिवशी वास्कोत जी शांतता होती, ती मला अजून आठवते. मोठी माणसं गॅलरीत उभी राहून बोलत होती, पण आवाज खाली ठेवून. जानेवारी २०१८ मध्ये एक मिग-२९के धावपट्टीवरून घसरलं आणि पेटलं. शिकाऊ वैमानिक वाचला. पण धावपट्टी बंद पडली आणि त्या दुपारी प्रवासी विमानं भलतीकडे वळली. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, एक प्रवासी बोईंग उड्डाण करतानाच घसरलं होतं. म्हणजे अपघात कोणाच्याही विमानाचा असो, अडकतात दोघेही. सामायिक विहिरीसारखं आहे हे.

सामायिक विहिरीवर पाळी लिहून ठेवतात. दाबोळीत पाळी आहे, पण ती कुठल्या कागदावर, कोणाच्या सहीने, किती वर्षांसाठी, हे गोव्याच्या सामान्य माणसाला कधीच सांगितलं गेलं नाही. वेळ वाढली तर ती ‘नौदलाने उदारपणे दिली’, कमी झाली तर ‘संरक्षणाची गरज’. उदारपणावर कोणी हॉटेल बांधत नाही, कोणी टॅक्सीचं कर्ज काढत नाही. तरीही आम्ही दोन्ही केलं, हा आमचा भोळेपणा म्हणा किंवा धाडस.

आता त्या तिसऱ्याबद्दल.

मार्च २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला तत्त्वतः मान्यता दिली तेव्हा अट घातली होती की मोपा सुरू झालं की दाबोळीची नागरी वाहतूक बंद. दक्षिण गोव्यात आग लागली, आणि ती लागणं बरोबरच होतं. २००८ मध्ये बंगळुरू आणि हैदराबादला नवे विमानतळ सुरू झाले त्या दिवशी जुन्या एचएएल आणि बेगमपेठच्या प्रवासी उड्डाणांवर कुलूप पडलं होतं. २०१० मध्ये ती अट मागे घेतली गेली. कागदावर दाबोळी वाचली. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोपाची पायाभरणी झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी थांबवली, जानेवारी २०२० मध्ये ती पुन्हा खुली केली. ११ डिसेंबर २०२२ ला मनोहर पर्रीकरांच्या नावाने विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे दोन हजार एकरांहून जास्त जागा आहे, रात्रंदिवस मोकळी धावपट्टी आहे, मिगची पाळी नाही. जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने दाबोळी सोडून मोपा धरलं. लंडनचं गॅटविकचं उड्डाण मोपाहून सुटायला लागलं. सासष्टीतला माणूस विमान पकडायला झुआरीचा नवा पूल ओलांडून, मांडवी ओलांडून, म्हापसा मागे टाकून पेडण्याला जायला लागला. काणकोणच्या माणसाचं तर विचारूच नका.

यात नौदलाने काय केलं? काही नाही. यात नौदलाला दोष देणारी भाषणं मात्र भरपूर झाली, कारण नौदल उत्तर देत नाही. वर्दीतला माणूस पत्रकार परिषद घेऊन राजकारण्याशी भांडत नाही, ही त्याची शिस्त आपण त्याच्याविरुद्ध वापरतो.

हिशोब बघा. दाबोळीचं टर्मिनल केंद्राच्या प्राधिकरणाचं. त्याच्या उत्पन्नात राज्याचा थेट वाटा नाही. मोपाच्या निविदेत, तो विमानतळ बांधून चालवणाऱ्या जीएमआर कंपनीने राज्याला महसुलातला ३६.९९ टक्के वाटा देऊ केला होता, सुरुवातीची सवलतीची वर्षं संपल्यावर तो द्यायचा असं ठरलं होतं. म्हणजे एखादं विमान दाबोळीहून उठून मोपाला गेलं की उद्या राज्याच्या तिजोरीत त्याचा वाटा पडणार. मग ‘दोन्ही विमानतळ चालू राहतील’ असं वचन देणारा माणूस आणि त्यातला एक रिकामा झाल्याने ज्याचा गल्ला भरणार तो माणूस, एकच झाला. मी कोणाच्या हेतूबद्दल बोलत नाही. रचनाच अशी आहे, की दाबोळी आटली तर राज्यात कोणाच्याच खिशाला चटका बसत नाही. बसतो तो टॅक्सीवाल्याला आणि वास्कोतल्या छोट्या लॉजवाल्याला. जुना भाटकार ओसरीवर शांत बसलाय. घरातल्याच माणसाने पलीकडे नवं घर बांधून तिथे भाडेकरू न्यायला सुरुवात केली आहे, आणि वर सांगतोय की भाटकार तुम्हाला उठवतो.

मोपाची बाजूही ऐकायला हवी. पेडणे, डिचोली, सत्तरी, शिवाय बांदा-सावंतवाडीचे लोक म्हणतात, इतकी वर्षं सगळं दक्षिणेत होतं, आता आम्हाला मिळालं तर तुमच्या पोटात का दुखतं? बरोबर आहे. सिंधुदुर्गातल्या माझ्या मावसभावाला मोपा हाताच्या अंतरावर आहे. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जिल्ह्यात सुरू झाला, त्यावर मोपाची सावली पडली म्हणून तो हळहळतो आणि तिकीट मोपाचंच काढतो. गिऱ्हाईक असंच वागणार. विमान कंपनीही सोयीचं बघणार. म्हणूनच बाजाराच्या भरवशावर दाबोळी टिकणार नाही. ती टिकवायची असेल तर ते लेखी ठरवावं लागेल, आणि टिकवायची नसेल तर तसं तोंडावर सांगावं लागेल. रोज एक उड्डाण कमी करत माणसाला संपवायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

पुण्याच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. लोहगाव हवाई दलाचं, टर्मिनल नागरी. धावपट्टीच्या कामासाठी २०२०-२१ मध्ये रात्रीची उड्डाणं बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन आठवडे पूर्ण विमानतळच बंद राहिला. विशाखापट्टणमला नौदलाच्या आयएनएस डेगावर हेच. देशात अशी मुंडकार विमानतळं बरीच आहेत आणि प्रत्येक शहर आपलं गाऱ्हाणं एकटं गातंय.

माझी मागणी छोटी आहे. दाबोळीची मालकी कोणाची, हा वाद बंद करा. धावपट्टी नौदलाची राहू दे. पण नागरी वापराचा एक जाहीर, मुदतीचा करार व्हावा, संरक्षण खातं, नागरी उड्डाण खातं आणि गोवा सरकार यांच्या सहीने, निदान २५ वर्षांचा. त्यात दिवसाचे कोणते तास नागरी विमानांचे, ते लिहिलेलं असावं. सराव वाढणार असेल, नौदलाची २६ राफेल-मरीन लढाऊ विमानं येणार आहेतच, तर त्याची आगाऊ सूचना किती महिने आधी, ते असावं. धावपट्टीच्या डागडुजीचा खर्च कोणी किती उचलायचा, ते असावं. आणि मोपाच्या महसुलातला ठरावीक भाग दाबोळीच्या प्रवासी सोयींवर आणि वास्कोच्या रस्त्यांवर खर्च व्हावा, म्हणजे एक विमानतळ दुसऱ्याला गिळून कोणाचाच फायदा होणार नाही. हे शेवटचं कलम सर्वांत कठीण, हे मला माहीत आहे. तेच सर्वांत गरजेचंही.

करारात चिखली, दाबोळी, सांकवाळ, बोगमाळोच्या रहिवाशांसाठी एक पान हवंच. विमान उतरतं त्या वाटेखाली घर बांधायला, मजला चढवायला नौदलाचा ना-हरकत दाखला लागतो. लागलाच पाहिजे, कोणी कॉंक्रीटचं टोक विमानाच्या वाटेत उभं करू नये. पण कुठल्या सर्व्हे नंबरवर किती उंची चालेल, याचा रंगीत नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावायला काय हरकत आहे? दाखला किती दिवसांत मिळेल, नाकारला तर कारण काय, अपील कोणाकडे? आज पिढीजात घरावर खोली चढवणारा गावकरी आणि पठारावर टॉवर उभे करणारा बिल्डर एकाच रांगेत उभे आहेत, आणि रांगेत पुढे कोण सरकतं हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. संरक्षणाचा तळ कराराने बांधून कसा घेता येईल? उद्या युद्ध झालं तर नौदल करार वाचत बसणार का? नाही, बसू नये. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी काही दिवस बंद केले गेले. कोणी करार दाखवला नाही, कोणी कोर्टात गेलं नाही. आणीबाणीत सरकारला तो अधिकार आहे आणि लोक तो मानतात. प्रश्न युद्धाच्या आठ दिवसांचा नाही, शांततेच्या उरलेल्या ३५७ दिवसांचा आहे. त्या दिवसांत नियम लपवून ठेवण्याने शत्रूला काही कळायचं राहत नाही, उड्डाणांचं वेळापत्रक तर कोणीही मोबाईलवर बघतो. कळायचं राहतं ते फक्त गावकऱ्याला.

दुसरा आक्षेप माझ्या मित्रमंडळींचा. म्हणतात, कागद करून काय होतं, मुंडकारांचे खटले मामलेदारांकडे वर्षानुवर्षं पडून आहेतच की. खरं आहे. कायदा आला म्हणून सगळं सुटलं, असं कोणी मुंडकार म्हणणार नाही. पण मी आमच्या घरात फरक पाहिला आहे. नोंदणीचा कागद हातात आल्यावर आजोबांनी तो पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवला. भाटकाराशी त्यांनी भांडण काढलं नाही, बोलणं तोडलं नाही. चतुर्थीला ते पूर्वीसारखेच नारळ घेऊन त्याच्या घरी जात. फक्त पूर्वी मागच्या दाराने जायचे, त्या वर्षापासून पुढच्या दाराने जायला लागले.